घरी जमायचे ठरवताय, तर आधी कामे वाटा

प्रभूच्या नावात सलाम, भाऊ.

तुमचे पत्र मोठे होते, म्हणून इतर वाचकांसाठी त्याचा गाभा सांगते. जळगावात तुमची मंडळी, म्हणजे तुमचे चर्च, जुने आहे. रविवारच्या दोन तासांत गायनमंडळ गाते, पाळक उपदेश करतात, लोक ऐकतात, दान टाकतात आणि घरी जातात. तुमच्याच रांगेत बसणाऱ्या एका बाईंचा नवरा महिनाभर दवाखान्यात होता, हे तुम्हाला तो गेल्यावर कळले. ते मनाला लागले आणि तुम्ही सहा-सात कुटुंबांनी घरी जमून साधी, सगळ्यांचा हात लागेल अशी उपासना सुरू करायचे ठरवले. आता विचारता : याला मंडळी म्हणता येईल का? प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचे, काय करायचे? शिकवणार कोण? आणि पाळकांना काय सांगायचे?

मी धुळे-नंदुरबारच्या बाजूला बरीच वर्षे गृहसभांमध्ये बसते आहे आणि त्या चालवणाऱ्यांना शिकवते आहे. त्यावरून माझे मत आधीच सांगते. नुसती जागा बदलून काही होत नाही. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जो एकटा बोलत होता, तसाच कोणीतरी एक जण तुमच्या बैठकीच्या खोलीत बोलू लागतो आणि बाकीचे सतरंजीवर बसून ऐकू लागतात. फरक पडतो तो प्रत्येकाच्या हाती काम आल्यावर. आणि ते काम असे हवे की त्या माणसाने केले नाही तर त्या दिवशी ते खरोखरच राहून जाईल. तुमच्या रांगेतल्या त्या बाई दोन रविवार आल्या नाहीत तरी उपासनेत काहीच अडले नाही. दुखणे तिथे आहे.

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले तेव्हा हेच गृहीत धरले होते. पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात, सव्विसाव्या ओवीत तो म्हणतो की तुम्ही जमता तेव्हा कोणाकडे स्तोत्र असते, कोणाकडे शिक्षण, कोणाकडे प्रकटीकरण. म्हणजे माणसे घरून काहीतरी घेऊन येत होती. पण आपली माणसे ही ओवी पाठ करतात आणि पुढच्या सोडून देतात. तिथे लगेच शिस्त सांगितली आहे : दोघातिघांनी बोलावे, इतरांनी पारख करावी, बसलेल्या दुसऱ्याला काही सुचले तर पहिल्याने गप्प बसावे. हे शेवटचे वाक्य मी प्रत्येक नव्या गटाला पहिल्याच दिवशी वाचायला लावते. सगळ्यांनी भाग घ्यायचा तर कोणालातरी थांबावे लागते, आणि ज्याला बोलायची सवय आहे त्याने थांबणे हीच त्याची उपासना.

पहिल्या शतकाबद्दल तुम्ही लिहिले आहे, त्यात थोडी दुरुस्ती करते. घरात मंडळी जमत असे हे खरेच. प्रिस्क आणि अक्विला यांच्या घरी, फिलेमोनाच्या घरी, लावदिकीयातल्या नुंफेच्या घरी. पण तेव्हा उपदेश नव्हता, सगळे नुसते बोलत बसत, असे समजू नका. त्रोवस येथे पौल माडीवरच्या खोलीत मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि युतुख नावाचा तरुण खिडकीत झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून पडला, हे प्रेषितांच्या कृत्यांत विसाव्या अध्यायात आहे. सिरियात दुरा-युरोपस येथे सापडलेले घर पाहा. इ.स. 240च्या सुमारास ते उपासनेसाठी बदलून घेतले गेले. दोन खोल्यांमधली भिंत पाडून साठ-सत्तर माणसे बसतील अशी एक मोठी खोली केली आणि तिच्या एका टोकाला बुटका ओटाही बांधला. तेव्हा ओटा, उपदेश, इमारत यांच्याशी भांडत बसू नका. या गोष्टींमागे माणसे हरवतात तेव्हा काय करायचे, एवढेच आपल्याला पाहायचे आहे.

त्या काळातल्या दोन साक्षी मला फार मोलाच्या वाटतात. एक आहे रोमन सुभेदार प्लिनी याची. इ.स. 112च्या सुमारास त्याने सम्राट त्राजानाला कळवले की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात, आणि मग पुन्हा एकत्र येऊन साधे अन्न खातात. खरे काय ते कळावे म्हणून त्याने दोन दासींचे हाल केले, आणि त्या दोघींना मंडळीत 'सेविका' म्हणत, असेही त्यानेच लिहून ठेवले. बाजारात विकल्या-घेतल्या जाणाऱ्या बायका, पण मंडळीत त्यांच्याकडे नेमलेले काम होते. दुसरी साक्ष जस्टिन या ख्रिस्ती लेखकाची, इ.स. 155च्या आसपासची, रोम शहरातली. रविवारी वचन वाचतात, अध्यक्ष बोध करतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस वाटतात, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवकांच्या हाती त्यांच्या घरी पोचवतात. जमलेले दान अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांच्यासाठी जाते. वाटा पोचवायचा म्हटले की कोण आले नाही हे आधी बघावेच लागते.

आता तुमच्या घरी काय करायचे ते सांगते.

वचनापासून सुरुवात करा, पण भाषण ठेवू नका. शुभवर्तमानातली एकच गोष्ट घ्या, पंधरा-वीस ओव्यांची. एकाने मोठ्याने वाचावी. मग दुसऱ्याने पुस्तक मिटून ती आपल्या शब्दांत सांगावी. काही सुटले तर बाकीच्यांनी भरावे, जास्तीचे घुसले तर काढावे. मग पुन्हा एकदा वाचावी. यानंतर तीनच प्रश्न : यात देव कसा दिसतो, माणूस कसा दिसतो, आणि या आठवड्यात मी काय करणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला विचारायचे. बहुतेक गट हे विचारणेच टाळतात, कारण अवघडल्यासारखे होते, आणि मग महिन्याभरात सगळे पुन्हा श्रोते होतात.

सांगायची भाषा घरची असू द्या. वाचन मराठीतून होते, पण आपली कितीतरी माणसे घरी अहिराणी बोलतात, कोणाकडे लेवा बोली, नवापूरकडे मावची, सातपुड्यात पावरी. छापील मराठीत बोलायचे म्हटले की शिकलेलेच बोलतात. साक्री तालुक्यातल्या एका घरी लूकचा पंधरावा अध्याय चालला होता, उधळ्या मुलाचा. निंदणीवरून आलेल्या एका आजींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी पहिल्यांदा नुसते ऐकले. सांगायची वेळ आली तेव्हा सुनेने कोपराने ढोसले म्हणून बोलल्या : "पोऱ्या आखो दूर व्हता, तवयच बापनी त्याले देखं." आणि थोडे थांबून म्हणाल्या, "रोज वाट देखत व्हई, तवयच ना?" त्यांचा स्वतःचा मुलगा सुरतेला कामाला गेला तो घरी फिरकला नव्हता. त्या ओवीवर मी स्वतः कितीदा बोलले आहे, पण बापाचे ते रोजचे वाटेकडे बघणे माझ्या बोलण्यात कधी आले नव्हते. त्या संध्याकाळी आम्हाला सगळ्यांना शिकवले ते त्या आजींनी, आणि नंतरची प्रार्थना आपोआप त्यांच्या मुलासाठी झाली.

पण सगळे मिळून बसले की सगळेच बोलतील अशी आशा धरू नका. आपल्याकडे सासरे आणि भाया समोर असताना सून तोंड उघडत नाही. तिला 'ताई, तुम्हीपण बोला ना' असे चारचौघांत म्हणणे म्हणजे तिची पंचाईत करणे. म्हणून गोष्ट सांगून झाली की तिघांतिघांचे गट पाडा. बायका बायकांत, तरुण तरुणांत. दहा मिनिटे पुरतात. घरातला आजार, कर्ज, नवऱ्याची दारू या गोष्टी तिथेच निघतात आणि तिथेच राहाव्यात. तिघांतले ऐकलेले बाहेर सांगायचे नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून कडक पाळा. एकदा कोणाचे दुःख 'प्रार्थनेचा विषय' म्हणून गल्लीभर झाले की ती बाई पुन्हा कधी बोलत नाही.

गाण्याचे सोपे आहे. कीबोर्ड आणि माइक नको. दहा माणसांच्या खोलीत त्यांची गरज नसते, आणि त्यांचा आवाज मोठा झाला की माणसे गाणे सोडून देतात. पुस्तकात न बघता म्हणता येईल, धृपद सगळ्यांनी उचलावे असे भजन घ्या. झांज आणि ढोलकी पुरे. आपल्याकडे या बाबतीत उणीव मुळीच नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग, ओव्या आणि भजने लिहिली ती मराठी माणसाने मराठी चालीवर देवाला आळवावे म्हणूनच. त्याच टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा बंधुभाव उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात यावेत अशी त्यांची कल्पना होती. 1919 साली ते गेले आणि काम अर्धवट राहिले. साध्या, आपल्या मातीतल्या मंडळीचा विचार परदेशातून आलेले नवे खूळ आहे असे कोणी म्हणाले, तर त्यांना टिळकांची आठवण द्या.

जेवणाबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण मंडळी घडते ती तिथेच. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजन खऱ्या जेवणाबरोबर होत असे, आणि भांडण नेमके त्यावरच झाले. ज्यांना वेळ होता ते आधी येऊन जेवून घेत, काम करून उशिरा येणारे उपाशी राहत. 'एकमेकांची वाट पाहा,' असे पौलाला लिहावे लागले. खानदेशात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर बाई अंधार पडल्यावर घरी येते. तिला रविवारी सकाळी दहाची उपासना परवडत नाही, आणि संध्याकाळी सहाचीही नाही. तुमच्या सहा-सात कुटुंबांत नोकरदारच असतील तर वेळ तुमच्या सोयीची ठरेल आणि तशी माणसे कधी येणारच नाहीत. वेळ ठरवताना सगळ्यात उशिरा मोकळे होणाऱ्या माणसाला विचारा.

अन्न साधे ठेवा. वरण-बट्टी, नाहीतर कळण्याची भाकरी आणि ठेचा. भरीत-पुरीचा घाट घातला की पुढच्या घराला त्याच्या बरोबरीचे करावे लागते आणि गरीब घर आपली पाळी येऊ देत नाही. प्रत्येकाने आपापल्या भाकरी आणाव्यात, यजमानाने एक भाजी करावी, एवढे पुरे. आणि एक गोष्ट स्पष्टच बोलते, कारण ती आपल्या मंडळ्यांत बोलली जात नाही. जात देवळाच्या दारात चपलांबरोबर राहत नाही, ती आत येते. कोण कोणाच्या घरी पाणी पितो, कोणाच्या हातची भाकरी खातो, कोण जेवणाच्या वेळेला 'काम आहे' म्हणून उठतो, हे सगळ्यांना दिसत असते. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता आणि काही यहुदी माणसे आल्यावर मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर बोल लावला. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ते आहे. बाकावर शेजारी बसून हे झाकता येते, पंगतीत येत नाही. म्हणून घरे आळीपाळीने घ्या, सगळ्यांची, भाड्याच्या एका खोलीचेही.

घरे बदलायला दुसरेही कारण आहे. एकाच घरी वर्षभर सभा भरली की ती 'अमक्यांच्या घरची सभा' होते, आणि मग अमकेच वेळ, विषय आणि कोणाला बोलवायचे ते ठरवतात. योहानाच्या तिसऱ्या पत्रात पहिल्या जागेची आवड असलेला दियत्रफेस आहे. तो आलेल्या बंधूंना आत घेत नव्हता आणि घेणाऱ्यांना बाहेर काढत होता. घरातल्या मंडळीला हा धोका देवळापेक्षा जास्त, कारण इथे विचारणारी पंचकमिटीही नसते.

प्रभुभोजनाचे तुमचे उत्तर तुमच्या मंडळीच्या नियमांत शोधा. तुम्ही उत्तर भारत मंडळीचे किंवा मेथॉडिस्ट असाल, तर ते दीक्षित, म्हणजे मंडळीने विधिपूर्वक नेमलेल्या, पाळकांच्या हातूनच व्हावे असा नियम आहे, आणि तो मोडून सुरुवात करू नका. ब्रदरन मंडळ्यांत दीक्षित पाळक नसतानाही दर रविवारी भाकर मोडतात, त्यांची रीत वेगळी. तुम्ही घरी प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्यांचे एकत्र साधे जेवण, करा. जेवणाआधी आणि जेवण झाल्यावर उपकारस्तुती करा. 'दिदाखे' या फार जुन्या ख्रिस्ती लिखाणात तृप्त झाल्यावर म्हणायची अशी उपकारस्तुती दिलेली आहे. पाळकांना अधूनमधून घरी बोलवा आणि तुमच्याच ताटाशी बसून त्यांनी प्रभुभोजन द्यावे अशी विनंती करा. पुष्कळ पाळक आनंदाने येतात.

शिकवणार कोण, या प्रश्नामागची तुमची भीती खरी आहे. सगळ्यांनी बोलायचे म्हटले की कोणी काहीही बोलतो. यूट्यूबवरचा कोणी प्रचारक ऐकून आलेला माणूस 'विश्वास असेल तर औषध बंद करा' असे म्हणतो आणि साखरेचा रुग्ण गोळ्या सोडतो. म्हणून अभ्यास केलेला एक माणूस गटात हवाच. फक्त त्याने शेवटी बोलावे आणि थोडे बोलावे. त्याची खरी मेहनत आठवडाभर असते : गोष्ट निवडणे, मागचा-पुढचा संदर्भ तपासणे, पुढच्या वेळी सांगणाऱ्याला आधी दोन दिवस घरी जाऊन तयार करणे. आणि औषधाच्या बाबतीत गटाचा नियम एकच ठेवा : प्रार्थना जरूर करायची, डॉक्टरांची गोळी कोणी बंद करायला सांगायची नाही.

मुलांना शेजारच्या खोलीत रंगकाम देऊन बसवू नका. यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या विधीतच मुलांनी 'याचा अर्थ काय?' असे विचारावे आणि मोठ्यांनी सांगावे, अशी योजना निर्गमाच्या बाराव्या अध्यायात आहे. गोष्टीवरचा पहिला प्रश्न मुलांनी विचारायचा, असे ठरवून टाका. पाणी देणे, चटया घालणे, वाचन करणेही त्यांच्याकडे द्या.

आणि न आलेल्यांची आठवण ठेवायचे काम एका माणसाला नेमून द्या. मला हे सगळ्यात महत्त्वाचे वाटते. तो फार बोलका नसला तरी चालेल. बैठक संपली की कोण आले नाही ते बघायचे, त्या घरचा डबा भरायचा आणि त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पोचवून विचारपूस करायची. दिवाळीनंतर आपल्या नंदुरबार-साक्रीकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला बारडोलीकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, लेकरे बरोबर, पालात मुक्काम. गावातली उपासना त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही, पण तिघांची बैठक जाते. गोष्ट तोंडी सांगता येते, भजन पाठ असते, आणि एकदा सांगायची सवय लागलेली बाई पडावावर रात्री चुलीपाशीही सांगते. इकडून फोन करून विचारणारा कोणी असला की ती जोडलेली राहते. काही घरी तर पावसाळ्याच्या तोंडाशी लोक परतले की पहिल्या बैठकीत त्यांनीच सांगायचे आणि इथल्यांनी ऐकायचे, अशी रीत पडली आहे.

पैशांबद्दल थोडक्यात. एक वही, दोन माणसांच्या हाती, आणि दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचायची. हा पैसा दुखणे, शाळेची फी आणि अडल्या घरासाठी. मंडळीतले तुमचे नेहमीचे दान कमी करून इकडे वळवू नका. पाळकांचे घर त्यावर चालते.

शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. दार उघडे असू द्या, आवाज बेताचा ठेवा, लाउडस्पीकर लावू नका. हल्ली घरात प्रार्थना म्हटले की काहींच्या मनात शंका येते. संविधानाच्या 25व्या कलमाने आपल्याला धर्म पाळण्याचा हक्क दिला आहे, तरी शेजार हा शेजारधर्मानेच टिकतो. शेजारी सहज आले तर पाहुणा म्हणून जेवू घाला. पैशाचे, नोकरीचे किंवा बरे करण्याचे आमिष कोणालाही, कधीही दाखवायचे नाही. हे प्रभूलाही आवडत नाही आणि कायद्यालाही चालत नाही.

याला मंडळी म्हणायचे का? आत्ता म्हणू नका. तुम्ही तुमच्या मंडळीचेच अंग आहात, रविवारी तिथेच जा. जॉन वेस्लीच्या मेथॉडिस्ट चळवळीत 1742पासून डझनभर माणसांचे वर्ग आठवड्याला भरू लागले, तेही लोकांनी आपापल्या चर्चची उपासना सोडून नव्हे. पुढे तुमच्यात एकमेकांचे ओझे वाहणे, वचन, जेवण, शिस्त आणि क्षमा ही सगळी दिसू लागली तर काय म्हणायचे ते तेव्हा पाळकांबरोबर बसून ठरवा. पाटी लावणे, नाव देणे, लेटरहेड छापणे यांची घाई झाली की फूट पडते. आपल्या भागात मंडळ्यांच्या चिरफळ्या आधीच पुष्कळ झाल्या आहेत.

पाळकांकडे सुरू करण्याआधी जा, नंतर नको. चौघे-पाचजण मिळून शिष्टमंडळ नेऊ नका, त्यांना घेराव घातल्यासारखे वाटेल. तुम्ही आणि तुमच्या घरच्या, दोघेच जा. 'उपासनेत मजा येत नाही' असे म्हणू नका. त्या बाईंचे सांगा, की नवरा महिनाभर आजारी होता आणि आम्हाला कळलेसुद्धा नाही. हे त्यांनाही खात असेल. मग विचारा की आमच्या भागातल्या घरांची विचारपूस आम्ही घ्यावी का, आणि पहिल्या बैठकीला तुम्ही याल का. त्यांनी नाही म्हटले तर वाद घालू नका. विचारपूस करायला आणि डबा पोचवायला कोणाची परवानगी लागत नाही. त्या बाईंच्या घरापासूनच सुरू करा.